उन्हाची वर्गणी

इंदूर
२४ जानेवारी १९९९

चि. रत्नपाल,
जयभीम आणि थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद.

तुझ्या प्रीतीला गणितात चांगले मार्क मिळाले हे वाचून तुझे जीजाजी स्वतः उठले आणि जिलेबी घेऊन आले. मिल बंद झाल्यापासून हा माणूस आपणहून उठत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

दुसरी बातमी. मिलचा हिशोब अखेर मिळाला. सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्या पायऱ्यांनी आम्हाला झिजवलं, पण मिळाला. त्या पैशातून पत्रे काढून पक्कं छत घालायचं ठरलं होतं. आता छत नाही. चिडू नकोस, आणि चिडायचंच असेल तर पत्र संपवून चीड.

भंवरकुआंला युनिव्हर्सिटीच्या मैदानात ऊर्जेचा मेळा भरला होता. आम्ही विहाराच्या महिला मंडळाच्या बाया गेलो होतो. खरं सांगायचं तर चाट खायला गेलो होतो. तिथे राजेंद्र नगरच्या यामिनीबाई म्हणून कॉलेजच्या प्रोफेसर भेटल्या. गोड बाई आहे. तिने समजावून सांगितलं की कोळसा नि तेल जाळून जो धूर वर जातो, त्याची पृथ्वीवर गोधडी पडली आहे. उन्हाळ्यात गोधडी घेतल्यावर माणूस जसा उकडेल तशी ती उकडते आहे. पाऊस बिघडणार, समुद्र चढणार. जपानात सगळ्या देशांची सभाही झाली, पण हे निस्तरायचा खर्च कोणी करायचा यावरून तिथे भांडण.

मी विचारलं, "यात आमचा वाटा किती, बाई?"

ती हसली. म्हणाली, "अहो मावशी, तुमचा कसला वाटा? गरिबांना तर यात माफी आहे."

रत्नपाल, मला राग आला. तिचा नाही, त्या माफीचा. मी कधी माफी मागितली होती? तुझ्या जीजाजींनी पंचवीस वर्षं मिलच्या बॉयलरात फावड्याने कोळसा लोटला. त्या चिमणीच्या धुरावर आमचं घर चाललं, तुझ्या डिप्लोमाची फी त्याच धुरातून गेली. खाताना आम्ही होतो आणि वाटा द्यायच्या वेळी आम्ही गरीब?

म्हणून मी सूर्यचूल घेतली आहे, विहारासाठी. पुरुषभर उंचीची, चकचकीत पत्र्याची मोठी परात समज. ऊन तिच्यावर पडतं, गोळा होऊन वरच्या पातेल्यावर जातं आणि पातेलं उकळतं. लाकूड नाही, धूर नाही. थोडी सरकारी सूट, बाकी आमचे. वैशाख पौर्णिमेला सगळ्या वस्तीची खीर यंदा तिच्यावर होणार. मी भर सभेत शब्द दिला आहे.

आता चीड.

तुझी ताई,
कांता

*

सारणी
९ फेब्रुवारी १९९९

ती. ताईस,
रत्नपालचा जयभीम. जीजाजींना नमस्कार.

चिडलो. पत्र संपवून चिडलो, तुझी आज्ञा मोडली नाही.

पृथ्वी तापते हे खोटं नाही, आमच्या ट्रेनिंगमध्येही सांगतात. पण ताई, ज्या देशांनी दोनशे वर्षं धूर सोडून बंगले बांधले, त्यांनी खर्च करावा. तुझ्या घरात दोन बल्ब आणि एक पंखा. तू छत सोडून जगाचं बिल भरायला निघालीस! एक बिघा जमीन नाही आणि गावाचा सारा भरते, असं लोक म्हणतील.

आणि एक सांगू? मला लागलं. मी इथे कोळशाच्या वीज केंद्रात रात्रपाळ्या करतो. संध्याकाळी तुझ्या वस्तीत दिवे लागतात, प्रसूतीच्या वॉर्डात दिवे लागतात, ते याच कोळशावर. बाबा लष्करातले शिपाई, मी वीज केंद्राचा ज्युनियर इंजिनियर. या कोळशाची मला लाज वाटलेली नाही. तुला वाटायला लागली का?

की गॅस भरायला हात आखडता आहे आणि तू मला सांगत नाहीस? तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, उपाशी राहशील पण 'जेवले' म्हणशील. म्हणून मनीऑर्डर पाठवली आहे, मुकाट्याने घे.

सगळ्यात मोठी काळजी त्या शब्दाची आहे. वैशाखात माळव्यात धुळीची वावटळ उठते, ऊन मळकट होतं. वस्तीभर माणसं पंगतीला बसतील आणि तुझी खीर कच्ची राहील. मग लोक हसतील. बाबांच्या लेकीला कोणी हसलेलं मला चालणार नाही.

तुझा,
रत्नपाल

*

इंदूर
२० फेब्रुवारी १९९९

चि. रत्नपाल,
जयभीम.

मनीऑर्डर परत पाठवली आहे. रुसू नकोस. तो पैसा तू मदत म्हणून पाठवलास, आणि मला मदत नको होती. वर्गणी म्हणून पाठवशील तेव्हा बघू.

कोळशाची लाज कोणाला वाटते रे? तुझ्या जीजाजींच्या हातांवरचे भाजल्याचे डाग मी अजून तेल लावून जपते. लाज असती तर मी लपून बसले असते. अभिमान आहे म्हणून तर वाटा विचारायला गेले.

तू तेव्हा पाळण्यात होतास, म्हणून तुला हे ठाऊक नाही. बाबा फौजेतून सुटल्यावर महूहून आम्ही मानपूरचा घाट उतरून खानदेशात आपल्या गावी गेलो होतो. गाव नवी विहीर खणत होतं. चावडीवर वर्गणी चालू होती. बाबांनी फौजेचा कोट घातला, पदकं लावली, मला बोटाला धरलं आणि पेन्शनचे पैसे नेऊन पाटलाच्या पुढ्यात ठेवले. पाटलाने काठीने ते परत सरकवले. म्हणाला, "तुमचं नको." शिवी नाही, आरडाओरडा नाही. उलट एकजण म्हणाला, "बरं झालं की, तुमचे पैसे वाचले."

परतताना घाटात बाबा म्हणाले, "कांते, त्यांना पैसे नको होते असं नाही. वर्गणी घेतली असती तर विहीर आपलीपण झाली असती."

ज्याची वर्गणी नाही त्याची विहीर नाही. आता यामिनीबाई म्हणते, तुम्हाला माफी आहे. ती चांगल्या मनाने म्हणते, पाटील नाही ती. पण माझ्या कानात तेच वाजलं. या वेळी गाव म्हणजे अख्खी पृथ्वी आहे, रत्नपाल. ती काय एकट्या अमेरिकेच्या बापाची आहे? वर्गणीत माझं नाव लागलंच पाहिजे.

इथे विरोध आहेच. विहार समितीचे अध्यक्ष शरदभाऊ, पूर्वी मिलच्या कताई खात्यात होते, आता कोपऱ्यावर सलून चालवतात. त्यांना समितीकडे जमलेल्या पैशातून विहाराला कमान बांधायची आहे, चूल म्हणजे खूळ वाटतं. सभेत म्हणाले, "भाभीजी, आपण खीर उन्हात ठेवणार की पापड?" सगळे हसले. मी म्हटलं, "भिया, पौर्णिमेला वाटी घेऊन या, मग सांगते." खीर झाली नाही तर यापुढे समितीत बायकांचा शब्द चालणार नाही, असंही ते हसत हसत म्हणाले. हसत हसत म्हटलेलंच खरं असतं.

आणि तुझे जीजाजी? चुलीकडे पाठ करून बसतात. बिनाकोळशाची भट्टी त्यांना पटत नाही.

तुझी ताई

*

सारणी
८ एप्रिल १९९९

ती. ताईस,
जयभीम.

विहिरीची गोष्ट बाबांनी मला कधी सांगितली नाही. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग प्रीतीला वाचायला दिलं. तिने एकच विचारलं, "मग आजोबांनी पाणी कुठलं प्यायलं?"

तरीही सांगतो, थोडी लाकडं बाजूला ठेव. आमच्याकडे एक यंत्र चालू असतं तेव्हा दुसरं तयार ठेवतात, त्यात कमीपणा नसतो. मी पौर्णिमेला येऊ शकत नाही. उन्हाळ्यात सगळ्यांचे पंखे फिरतात, आम्हाला रजा नाही.

खीर कशी झाली ते सविस्तर कळव. तुझ्या चार पानांची वाट पाहतो.

तुझा,
रत्नपाल

*

इंदूर
२ मे १९९९

चि. रत्नपाल,
जयभीम. परवा पौर्णिमा झाली. खीर झाली, सगळ्यांना पोचली. आम्ही दोघं ठीक. प्रीतीला आशीर्वाद.

कांता

*

सारणी
१० मे १९९९

ती. ताईस,
जयभीम.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ताई, तू मांजर व्यायली तरी दोन पानं लिहितेस. त्या सूर्यचुलीवर चार महिने माझ्याशी भांडलीस आणि शेवटी दोन ओळी?

मी समजलो. ऊन कमी पडलं, लाकडं पेटवावी लागली. अगं, त्यात तोंड लपवण्यासारखं काय आहे? तू सदिच्छेने केलंस. शरदभाऊ हसले असतील तर हसू दे, एक दिवस हसतील आणि विसरतील. छताचे पैसे मी देतो, आणि या वेळी परत करू नकोस. तू खचलीस तर मात्र मला इथे चैन पडणार नाही.

तुझा,
रत्नपाल

*

इंदूर
१८ मे १९९९

श्री. रत्नपालजी,
जयभीम.

मी दगडू, तुमचा जीजाजी. पत्र लिहायची मला सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. कांता लिहीत नाही कारण तिने गंगूबाईला वचन दिलं होतं. आता गंगूबाईच म्हणाली, लिहा, माझं नाव घालून लिहा. म्हणून लिहितो.

गंगूबाई आमची शेजारीण, मिलमध्ये रीळ भरायला होती. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिला वाटलं, एवढा मोठा दिवस, चूल कशी लखलखीत पाहिजे. तुम्हाला आठवत असेल, वस्तीत भांडी मिलच्या बॉयलरच्या राखेने घासत. मिल बंद झाली तेव्हा गंगूबाईने राखेचा शेवटचा डबा भरून ठेवला होता. फक्त सणाला चिमूटभर काढायची. त्या दिवशी तिने अख्खा डबा काढला. नारळाची शेंडी घेतली आणि ती परात जीव लावून घासली.

यामिनीबाईंनी सांगितलं होतं, फक्त मऊ कापडाने पुसायची. कांता ते बाकीच्यांना सांगायला विसरली.

सकाळी बघतो तर परात पांढुरकी झालेली. तोंड दिसत नव्हतं. कांताने गंगूबाईचा हात धरला आणि म्हणाली, "कुणाला कळता कामा नये." पातेलं चढवलं, दूध ओतलं, तांदूळ घातले. वंदना झाली. लोक येऊन बसले. ऊन डोक्यावर आलं तरी दूध कोमटच. बोट बुडवून बघितलं मी.

शरदभाऊ उठून आले. टोमणा मारला नाही, खोटं कशाला बोलू? हळूच म्हणाले, "भाभीजी, लाकडं आणू का? बच्चे भुके हैं."

कांताने वर बघितलं नाही. रत्नपालजी, मिलला कुलूप लागलं त्या दिवशी पण तिने मान खाली घातली नव्हती. उलट मला म्हणाली होती, चला, घरी चहा ठेवते. तिची मान खाली बघून मला बसवेना.

मी घरी गेलो. भिंतीवरचा दाढीचा आरसा काढला आणि पातेल्यासमोर येऊन उभा राहिलो. उजेडाचा तुकडा पातेल्यावर पडला. लोक म्हणाले, दगडू पागल झाला. मी म्हटलं, "बॉयलर एका फावड्यावर चालतो का? बारा जण लागतात पाळीला. जा, आपापला आरसा आणा."

आधी कुणी हललं नाही. मग गंगूबाई उठली. लोखंडी कपाटाच्या दाराचा आरसा दारासकट काढून आणला, दोघांनी धरून. ती रडत होती, पण आरसा हलू दिला नाही. मग बायका पळाल्या. कुणी टिकलीचा आणला, कुणी पोरीच्या लग्नातला. पोरांनी नव्या स्टीलच्या पराती धरल्या. विहाराच्या भिंतीवर विटा लावून आरसे टेकवले. मी ओरडून सांगत होतो, तू खाली घे, तू डावीकडे, डोळ्यावर नको, पातेल्यावर. सात वर्षांनी मी एवढ्या जोरात ओरडलो. आवाज आहे अजून.

तेवढ्यात शरदभाऊ दिसेनात. मला वाटलं लाकडं आणायला गेले. ते आले तेव्हा त्यांच्या सलूनचा मोठा आरसा हातगाडीवर होता. म्हणाले, "दगडूभिया, ये कहाँ लगाऊँ?"

तो लावला आणि पातेल्याकडे बघवेना. काळं पातेलं नुसतं तापून निघालं. थोड्या वेळाने कडेला बुडबुडे आले, आणि मग दूध वर चढलं. सगळी वस्ती ओरडली. कांता कलथा घेऊन पळाली, उतू जाईल म्हणून. सगळ्यांना खीर पोचली, पुन्हा मागून पोचली. लाकडाची एक काडी जळली नाही.

यामिनीबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मावशी, माफीचं मी मागे घेते."

समितीने ठराव केला, कमान पुढच्या वर्षी. आधी चुलीला नवा पत्रा, आणि अंगणवाडीच्या खिचडीसाठी दुसरी चूल. त्याची वर्गणी घरोघर चालू आहे. कुणाला माफी नाही, हे वाक्य कांताने लिहायला लावलं.

मी बायकोबद्दल कधी चारचौघांत बोललो नाही. पण तुम्हाला सांगतो, मला तिचा फार अभिमान वाटतो. तिला सांगू नका. सांगितलं तरी चालेल.

तुमचा,
दगडू

*

सारणी
२९ मे १९९९

ती. ताई आणि जीजाजी,
दोघांना जयभीम.

जीजाजी, तुमचं पत्र मी कंट्रोल रूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. इथली माणसं कोळशाची आहेत, सहजासहजी हलत नाहीत. पण दूध वर चढलं त्या ओळीला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र खिडकीकडे तोंड करून उभा होतो.

ताई, तू हरलीस असं मी धरून चाललो आणि वर तुला धीर द्यायला निघालो. तू दोन ओळी लिहिल्यास त्या गंगूबाईची लाज राखायला, आणि मला तुझीच लाज दिसली. बाबांच्या लेकीला मी ओळखलं नाही, याचं वाईट वाटतं. आणि खूप बरंही वाटतं.

आमच्या स्टोअरचा शाम नावाचा ड्रायव्हर सोमवारी इंदूरला येतो आहे. त्याच्याबरोबर रजईत गुंडाळून एक आरसा पाठवतो. आमच्या लग्नातल्या कपाटाचा आहे, माझ्या छातीएवढा. प्रीती कुरकुरली, "बाबा, आता मी केस कशात बघून विंचरू?" मी म्हटलं, आजोबांच्या विहिरीसाठी पाठवतो आहे. मग तिनेच तो पुसला. मऊ कापडाने.

दुसऱ्या चुलीसाठी दर पगाराला माझा वाटाही येईल. मदत नाही, वर्गणी. माझ्या पाळीत अजून कितीतरी वर्षं कोळसाच जळणार आहे, ताई. तो बंद करणं माझ्या हातात नाही, आणि वॉर्डातले दिवे विझवणंही बरोबर नाही. पण वाटा माझाही आहे, सगळ्यात जास्त माझाच असेल.

माझी मनीऑर्डर तू एकदा परत केली आहेस, म्हणून हात जोडून विचारतो. कोळशाच्या माणसाचा आरसा तुमच्या विहारात चालेल ना? 'तुमचं नको' असं म्हणू नकोस.

तुझा धाकटा,
रत्नपाल

*

इंदूर
४ जून १९९९

चि. रत्नपाल,
जयभीम.

आरसा पोचला. कुठेही तडा नाही. शामने जेवून जावं म्हणून मी भांडले, शेवटी दोन वाट्या खीर पिऊन गेला.

'तुमचं नको' म्हणायला आपण काय पाटील आहोत? वेडा कुठला. वर्गणीच्या यादीत पहिलं नाव मी बाबांचं लिहिलं आहे, हुद्द्यासकट. त्यांच्याखाली तुझं.

विहाराच्या पूर्वेच्या भिंतीला तुझ्या आरशासाठी खिळे ठोकले आहेत. तुझे जीजाजी रोज सकाळी सगळे आरसे पुसतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. छत यंदाही गळणार, पण चालेल, बादल्या आहेत.

पुढच्या वैशाख पौर्णिमेची रजा आत्ताच मागून ठेव. आरसा पाठवून सुटका होत नाही, तो धरायला माणूस लागतो.

तुझी ताई,
कांता